उशीच्या उंचीवरून

चमचा येण्याआधी अंधारून येत होतं. आधी चित्राची वरची कड काळवंडायची, मग ती काळोखी हळूहळू खाली उतरायची आणि मग चमचा यायचा. समोरून नव्हे, वरून, पोटाकडून. भरलेल्या चमच्याचं पोट खालून कसं दिसतं हे पुष्पांजलीनं आजवर पाहिलं नव्हतं. स्टीलच्या त्या फुगीर पोटात अख्खी खोली मावली होती, बारीक आणि कडेला वाकलेली, पण सुलट: उशीचा पांढरा पट्टा, उशीमागच्या खिडकीचा उजळ चौकोन आणि त्यांच्या मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे कॅमेरा. एरवी त्या जागी डोळा असतो. चमच्याच्या कडेला वरणाचा एक थेंब लोंबत होता, पडावं की राहावं अशा बेतात. चमचा धरणाऱ्या अंगठ्याखाली भाजल्याचा जुना, तांबूस डाग होता. हाताच्या वर मनगट, मनगटावर घड्याळ, घड्याळाच्या वर पदराची कड आणि त्याच्या वर काहीच नाही. चौकट तिथं संपत होती. तो डाग ओळखीचा होता. लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या पुष्पांजलीनं आपला उजवा अंगठा उलटा करून पाहिला.

"थांबव जरा," ती म्हणाली.

समतानं बटण दाबलं. चमचा हवेत राहिला. "काय झालं?"

"ही मी आहे?"

"मग कोण? आजीला दुसरं कोण भरवतं?"

"माझं तोंड कुठाय?"

"आजीला ते दिसत नाही. तू वाकत नाहीस ना. कंबर दुखते तुझी." समतानं हे ताप मोजून आकडा सांगावा तसं सांगितलं. त्यात ठपका नव्हता. तरी पुष्पांजलीची पाठ खुर्चीत आपोआप ताठ झाली.

बाहेर चिखलीची एप्रिलमधली दुपार पेटली होती. आजीच्या खोलीतल्या कूलरची घरघर जेवणाच्या टेबलापर्यंत येत होती आणि तिच्याबरोबर ओल्या वाळ्याचा वास. समता पुण्याला सिनेमाचं शिक्षण घेत होती आणि एका अभ्यासासाठी आठवडाभर घरी आली होती. एक खोली, एक माणूस, मधे कुठंही न कापता केलेलं चित्रण, एवढंच काम. माणूस तिनं आल्या आल्याच निवडला होता. आजी, गोजरबाई, गेल्या दसऱ्याला साखरखेर्ड्याच्या घरात चुलीपुढं बसल्या जागी कलंडल्या; मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. धाकट्या मुलानं, भागवतनं, जीप करून त्यांना चिखलीला आणलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तेव्हापासून त्या थोरल्या मुलाच्या, शालिग्रामच्या, घरात रस्त्याकडच्या खोलीत होत्या. पाय भिंतीशी ठेवलेल्या कपाटाकडं, डोकं खिडकीकडं. खिडकी डोक्यामागं, म्हणजे बाहेरचा कलकलाट कमी लागेल असा विचार पुष्पांजलीनंच केला होता.

खरं तर समतानं आधी वेगळंच चित्रण केलं होतं. खोलीच्या दारात तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून काढलेलं. ते तिनं आईला सकाळी दाखवलं तेव्हा पुष्पांजलीला ते फार आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून मनातून थोडी लाजही वाटली होती. त्यात एक बाई कॉलेजच्या साडीतच घाईनं खोलीत येते, वरणभात भरवते, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेलं टिपते, चादर बदलते, लुळ्या पंजाची मिटलेली बोटं एकेक करून उलगडते आणि नारायण तेल चोळते. ती बाई दमलेली होती, अबोल होती, चांगली होती. तिच्याविषयी पुष्पांजलीला माया वाटली होती. चादरीखाली एक लहानसा उंचवटा होता, आणि त्या उंचवट्याला तोंड होतं. "आमचे सर बघतील तर डोळे पुसतील," समता म्हणाली होती. "पण ही तुझी गोष्ट झाली, आई. मला आजीची पाहिजे."

"दोन्ही एकच की."

"एक कशी? चमचा एक आहे. दारातून बघितलं की तू काय काय करतेस ते कळतं. उशीवरून बघितलं की आजीवर काय काय येतं ते कळतं. कॅमेरा हलवला की गोष्टीचा मालक बदलतो."

मग तिनं आजीच्या कानाशी जाऊन विचारलं होतं, "आजी, तुझ्याशेजारी कॅमेरा निजवू का गं?" गोजरबाईंनी डाव्या हातानं नातीचं बोट दाबलं होतं. दाबलं म्हणजे हो, एवढी एक खूण घरात ठरलेली होती. टॉवेलाची गुंडाळी करून तिच्यावर कॅमेरा टेकवला गेला होता, आजीच्या गालाला जवळजवळ चिकटून.

पुष्पांजली कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. अकरावीला प्रकाशाचा पाठ आला की ती फळ्यावर भिंग काढायची, समोर बाण काढायची, किरण ओढायची आणि सगळ्यात शेवटी एका टोकाला डोळा काढायची: एक कंस, आत बुबुळ, दोन-चार पापण्या. नोकरीला लागल्यापासून ती तो डोळा काढत आली होती. आरसा शिकवतानाही घरून चमचा नेऊन ती मुलांना दाखवायची, हे पोट म्हणजे बहिर्गोल, इथं प्रतिमा लहान आणि सुलट. तो डोळा कोणाचा, असं एकाही पोरानं विचारलं नव्हतं आणि तिलाही कधी सुचलं नव्हतं. डोळा म्हणजे किरण जिथं पोचतात ती जागा. त्या डोळ्याला वय नसतं, कंबर नसते, त्याला कोणी भरवत नाही, त्याच्यासमोर कोणी कुजबुजत नाही. आता तोच चमचा पडद्यावर थांबलेला होता आणि त्याच्या पोटात, बरोबर मधोमध, डोळ्याची जागा होती. किरण शेवटी तिथंच येत होते. सगळी खोली त्या एका ठिपक्याभोवती वाकली होती. आपल्याच घरातली ही खोली आपण कधी पाहिलीच नाही, असं तिला वाटलं. भीती म्हणावी तर ती नव्हती. लहानपणी देऊळगाव राजाच्या शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा डबक्याचं पाणी पाहिलं होतं तेव्हा असं झालं होतं. पाणी तेच, रोज ओलांडून जायचं ते, आणि आत एवढी ये-जा.

"लाव," ती म्हणाली.

चमचा खाली आला, काळोख झाला, पुन्हा उजळलं. हात गेला. पावलं दूर गेली. मग छत, आणि चौकटीच्या खालच्या भागात कपाट. चुन्याचा एक पोपडा, पंख्याची तीन पाती, कूलरची घरघर. छत इतका वेळ राहिलं की पुष्पांजलीला वाटलं आता हेच. आणि मग घरघरीच्या अलीकडून, अगदी कानाशी, शालिग्रामचा दबका आवाज आला.

"भागवतचा फोन आलता. मायले कधी आनता म्हणून विचारून राह्यला."

"मग काय सांगितलंत?" हा तिचा स्वतःचा आवाज. कोरडा, घाईचा.

"तुह्या वैनीले विचारून सांगतो म्हटलं."

"मला काय विचारता? डॉक्टर म्हणतात दवाखान्याजवळ ठेवा."

"मंग नाई म्हणून सांगू का?"

"नाही कसं म्हणायचं? बघू. सुट्ट्या लागल्या की बघू."

"तू दिवाळीलेबी असंच म्हटलं होतं."

"मग तुम्ही ठरवा ना!"

"मी काय ठरवू बुवा. तूच करतेस सगळं."

एवढा वेळ चित्रात छतच होतं. पाती हलत नव्हती, पोपडा होता तिथं होता. पुष्पांजलीला ते बोलणं आठवत होतं. दारात उभं राहून, आवाज खाली आणून, कूलर चालू आहे याची मनोमन खात्री करून ती दोघं बोलली होती. पण कूलर होता पलीकडच्या भिंतीशी, आणि दारातला आवाज कपाटाच्या पत्र्यावर आपटून सरळ उशीवर उतरत होता. हे तिला कळायला हवं होतं. ध्वनीचं परावर्तनही तीच शिकवायची. गोजरबाईंना किती समजतं याबद्दल डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते, आणि समजत नसेल असं धरून चालणं सोयीचं होतं. हे सोयीचं होतं, हेही तिला आत्ताच, छताकडं बघता बघता दिसलं.

आईंना परत साखरखेर्ड्याला न्यायचं की इथंच ठेवायचं, एवढाच तो प्रश्न. दिवाळीला तो संक्रांतीवर गेला, संक्रांतीला होळीवर. भागवत फोनवर म्हणायचा, "वैनी, ओसरीत खाट टाकतो, वावराकडं तोंड करून. तुमी फक्त हो म्हना." त्याची बायको चांगुणा तोंडानं फटकळ, ती त्याच्या हातून फोन ओढून घ्यायची. "आना त बाई आमच्या मायले. का सायन्सवाल्याइच्या घरी पक्की झाली ते?" आणि फोन ठेवल्यावर पुष्पांजलीच्या डोक्यात तिचंच दुसरं वाक्य तयार व्हायचं, चांगुणानं न बोललेलं: खाटेवर पडली तशी नेऊन टाकली गावात. समता तान्ही असताना हीच सासू आपलं घरदार, म्हशी, नवऱ्याचा, पुंजाजींचा, चहा सगळं सोडून चिखलीत येऊन राहिली होती, म्हणून पुष्पांजलीचं एम.एस्सी. झालं. "तू शिक वं माय. पोरीपाशी मी हाये," एवढं म्हणून ती पाळण्याशी बसली होती. तिला आता गावी पाठवणं म्हणजे काय, आणि न पाठवणं म्हणजे काय? पुष्पांजलीनं मनात दोन्ही बाजू कितीदा मांडल्या होत्या. डॉक्टर, व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी, औषधांचं दुकान एका बाजूला. ओसरी, वावर, ओळखीच्या बाया दुसऱ्या बाजूला. एक बाजू मात्र कायम कोरी राहायची. गोजरबाईंना काय हवं आहे, ते. ते मोजायचं साधन नव्हतं, आणि जे मोजता येत नाही त्यावर बोलायचं नाही ही तिची जुनी सवय. "गावाला जायचं का?" असं विचारून बोट दाबतात का पाहावं, हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. दाबलं तर? मग ते करावं लागलं असतं. आणि नाही दाबलं तर नुसतं समजलं नाही म्हणून, की नको म्हणून?

चित्रात आता काहीतरी हललं. खालच्या कडेतून एक हात वर आला. डावा. सुरकुतलेला, निळ्या शिरांचा, मनगटावर गोंदलेल्या ठिपक्यांचा. तो थरथरत वर चढला आणि त्याचं एक बोट समोर ताणलं गेलं, कपाटाकडं.

"हे बघ," समता म्हणाली, "हे ती रोज करते ना?"

रोज करायच्या. हे कपाटाचं प्रकरण सगळ्या घराला पाठ होतं. लोखंडी कपाट, त्याच्या दाराला पुरुषभर उंचीचा आरसा. दार पूर्ण लागत नसे, बोटभर उघडं राही. पौष-माघात गोजरबाईंनी त्या आरशाकडं बोट करायला सुरुवात केली. बोट करायच्या आणि घशातून एक खोल आवाज काढायच्या, आणि डोळ्यांतून पाणी यायचं. पुष्पांजली आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिला आरशात कॉट दिसली होती आणि कॉटवरचा वाकडा झालेला चेहरा. तिला चटकन उमगलं होतं: आईंना स्वतःचं तोंड बघवत नाही. तिला स्वतःच्या या समजुतीचं बरंही वाटलं होतं. तिनं जुनी गुलाबी ओढणी आणून आरशावर टांगली, वरून चिकटपट्टी लावली. त्या दिवशी गोजरबाईंनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग खाऊ लागल्या, पण बोट तसंच उठत राहिलं. म्हणजे आरसा नव्हे, कपाटातलं काहीतरी हवं असणार. शालिग्रामनं एकेक वस्तू काढून समोर धरली होती. "माय, हे लुगडं? ही पितळी डबी? बाबाचा फोटो?" हात खाली पडायचा. "काय पायजे माय तुले?" तो शेवटी रडवेला व्हायचा आणि पुढच्या खोलीत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवायचा. मग बोटाकडं बघणंच हळूहळू थांबलं होतं.

"ओढणी कुठंय?" पुष्पांजलीनं एकदम विचारलं. पडद्यावर कपाट होतं, पण गुलाबी रंग नव्हता.

"मी काढली. सगळी चौकट गुलाबी मारत होती. परत लावते नंतर."

"पुढं जाऊ दे."

बोट ताणलेलंच होतं. त्याच्या टोकापुढं आरसा. पुष्पांजली खुर्चीतून पुढं सरली. आरशात चेहरा नव्हता. कॉट नव्हती. दार बोटभर उघडं, म्हणून आरसा तेवढ्या कोनात वळलेला. आपाती किरण जेवढा कलेल तेवढाच परावर्तित. उभ्या माणसाला त्यात कॉट दिसते, पण उशीवरून निघालेली नजर आरशावर आपटून मागं, वर, डोक्यामागच्या खिडकीतून बाहेर जात होती. आरशात रस्ता होता. रस्त्याचा वरचा अर्धा भाग: विजेच्या तारा, समोरच्या वळणावरच्या थांब्याचं पत्र्याचं छप्पर, चालणाऱ्या माणसांची नुसती डोकी, एका बाईच्या डोक्यावरचं भाज्यांचं टोपलं, तरंगत गेलेलं. एवढ्या महिन्यांत या खोलीत कोणालाही न दिसलेला एक सबंध रस्ता तिथं चालू होता. पुष्पांजली त्या खोलीत दिवसातून कितीदा जायची, त्या आरशासमोरून पदर सारखा करत जायची, आणि तिच्या खांद्यावरून, तिला ओलांडून हा रस्ता रोज त्या उशीवर उतरत होता. तिनं त्याच्यावर ओढणी टाकली होती.

मग वळणावर बस आली. वळताना क्षणभर समोरून दिसली: लाल कपाळ, उन्हानं चकाकलेली काच, वर पाटी. बोट थरारलं आणि घशातला तो खोल आवाज आला, कॅमेऱ्याच्या इतक्या जवळून की लॅपटॉपचा लहानसा ध्वनिवर्धक खरखरला.

"थांबव!"

समतानं थांबवलं, मागं नेलं, पाटी मोठी केली. अक्षरं धूसर आणि उलटी. काना आधी, शब्द नंतर, सगळी वळणं डावीची उजवीकडं गेलेली. "हे उलटं पडलंय ना आरशात. थांब, फिरवून देते, मग वाचता येईल," समता म्हणाली आणि तिचं बोट कळीकडं गेलं.

"नको. फिरवू नको," पुष्पांजली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आजी ते तसंच वाचते."

"उलटं? कसं काय?"

कसं काय, हे पुष्पांजलीला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, साखरखेर्ड्याच्या अंगणात कुरडया घालताना गोजरबाईंनी ते सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना इतकं हसू येत होतं की हातातला साचा बाजूला ठेवावा लागला होता. त्यांच्या तरुणपणी जत्रेला तंबूचा सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध पडदा. समोर गडीमाणसं, पडद्याच्या मागं बाया. बायांनी गड्यांत बसायचं नाही म्हणून बाया सगळे सिनेमे पाठीमागून बघायच्या. कपड्यातून चांगलं आरपार दिसावं म्हणून पडद्यावर पाणी मारत, आणि पुढं बसलेल्या बायांच्या तोंडावर त्याचे तुषार येत. "आमच्या शिनेमातले सगळे लोक डावखुरे," गोजरबाई म्हणाल्या होत्या. "डाव्या हातानं जेवत, डाव्या हातानं लगन लावत." पाट्या, नावं, चिठ्ठ्या सगळं उलटं यायचं. गोजरबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, बायांत तेवढ्याच. "वाच वं गोजर, काय लिवलं ते," असं चारी बाजूंनी सुरू व्हायचं. अक्षर जाण्याच्या आत वाचायला लागायचं. हळूहळू डोळा बसला. मग सुलटं वाचतात तितक्याच झपाट्यानं त्या उलटं वाचायला लागल्या, आणि पडद्यामागच्या अंधारात त्यांचा आवाज सगळ्यांत आधी उठायचा.

"अन् एक गंमत सांगू का तुले," त्या म्हणाल्या होत्या, "गड्यायले दिसत नसे ते आमाले दिसे. पडद्याच्या पल्याड तिकडं मशीनचा दिवा राहे ना, त्याचा गोळा कपड्यातून आमच्या डोळ्यात ये. परतेक शिनात चांद. घरात भांडन, चांद. मरन आलं, चांद. लढाई, तरी चांद." पुष्पांजलीनं तेव्हा मान डोलावली होती आणि मनात लगेच मांडलं होतं: पातळ कापडातून आरपार जाणारा प्रकाश, स्रोत बरोबर समोर, म्हणून मधोमध तेजस्वी ठिपका. बरोबर आहे. बरोबर आहे म्हणून तिनं ते तिथंच ठेवून दिलं होतं. त्या अंधारात बसलेल्या बायांना प्रत्येक गोष्टीच्या मागं एक चंद्र दिसत होता आणि तो गोष्टीतला आहे की नाही हे सांगणारं त्यांच्या बाजूला कोणी नव्हतं, याचं तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. केवढं दिसत असेल. पुढं शालिग्रामनं आईला हौसेनं चिखलीच्या टॉकीजमध्ये नेलं तेव्हा गोजरबाई खुर्चीत अवघडून बसल्या आणि भर सिनेमात मोठ्यानं म्हणाल्या, "शालिग्राम, हे उलटं काऊन दाखवून राह्यले रे?" अख्खी रांग हसली. पुष्पांजलीही हसली होती, आणि घरी आल्यावर वहीच्या मागच्या पानावर तिनं सासूला पडदा, किरण आणि दोन बाजूंचे दोन डोळे काढून समजावलं होतं. गोजरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं होतं. "म्हंजे तुमचं सुलटं अन् आमचं उलटं," त्या म्हणाल्या होत्या. "हे ठरवलं कोनं?" पुंजाजी पलंगावरून म्हणाले होते, "कंपनीनं." आणि तिघंही हसली होती. दोन डोळे. म्हणजे तेव्हा तिनं काढले होते दोन डोळे. एवढ्या वर्षांत फळ्यावर मात्र एकच.

"आई?" समता म्हणाली. "काय लिहिलंय पाटीवर?"

पुष्पांजली उठली. ती रस्त्याकडच्या खोलीत गेली. कूलरचा गार, ओला झोत पायांवर आला. गोजरबाई जाग्या होत्या. त्यांचे डोळे आरशावर होते. सुनेची चाहूल लागूनही ते हलले नाहीत. सुनेनं त्या वेळी कॉटच्या आणि आरशाच्या मधे उभं राहायची चूक करू नये एवढंच जणू त्यात होतं. पुष्पांजली बाजूनं वळसा घालून आली. एक निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे, असं तिच्यातल्या कोणीतरी सवयीनं म्हटलं. बस कुठलीही असू शकते. बोट कशाकडंही असू शकतं. तिनं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं, कंबरेवर हात देऊन खाली बसली, मग आडवी झाली, कॉटच्या अगदी कडेला, आणि डोकं उशीवर टेकवलं. तेलाचा वास, उन्हात वाळलेल्या चादरीचा वास, आणि कानाशी दुसरा श्वास. आरशात आधी तिला स्वतःचे केस दिसले, मग डोकं जसजसं खाली आलं तसतसं ते केस खाली सरकत निघून गेले, कॉट गेली, भिंत गेली, आणि वरून, पडदा उतरावा तसा रस्ता उतरत आला. तारा. पत्रा. डोकी. तिच्या डोळ्यांसमोर, भर दुपारच्या उजेडात, त्या रस्त्यावर एक जळता गोळा होता. समोरच्या कुठल्यातरी काचेवरून आलेलं ऊन. त्याच्यामागून माणसं येत होती आणि त्याच्यातून पुढं जात होती. कोणाला काही लागत नव्हतं.

किती वेळ गेला ते तिनं मोजलं नाही. दारात समता येऊन उभी राहिली असावी. तिकडून एक सावली पडली आणि थांबली. रस्त्यावर बुलढाण्याची बस आली, वळली, गेली. पुष्पांजलीनं ती अक्षरं अडखळत, उजवीकडून डावीकडं लावली. शेजारचा हात चादरीवर शांत पडून होता. मग जालन्याची. हात शांत. मग पत्र्याच्या छपराखालची डोकी एकदम उठली, पुढं झाली, आणि वळणावर लाल कपाळ आलं. तिनं अजून पाटी लावलीही नव्हती, काना तेवढा दिसला होता, तोच तिच्या गालाजवळून तो हात वर गेला. गोंदणाचे ठिपके, ताणलेलं बोट, घशातला खोल आवाज. त्या आवाजाला तीन वळणं होती. आजवर तिला तो कण्हण्यासारखा वाटला होता. आता, ओठ कानाशी असताना, त्यातले चढउतार कळत होते. पडद्यामागच्या अंधारात सगळ्यांत आधी उठणारा तो आवाज होता. त्या पाटी वाचत होत्या. सुनेला, लेकाला, खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला त्या वाचून दाखवत होत्या.

"साखरखेर्डा," पुष्पांजली म्हणाली.

हात हवेत थांबला. मग तो खाली आला, कपाटाकडं नाही, चादरीवर नाही. चाचपडत तिच्या अंगठ्यावर आला आणि भाजल्याच्या डागाशी त्यानं घट्ट दाबलं. सोडलं नाही. आरशात बस वळणाआड गेली आणि थांबा रिकामा झाला.

"काय वं समता, ह्या दोघी अशा काऊन निजल्या?" दारात शालिग्रामचा आवाज आला. उशीवरून पुष्पांजलीला त्याचं पोट दिसत होतं, सदऱ्याची शेवटची गुंडी आणि हातात धरलेला, उजेड पडलेला फोन. तोंड चौकटीत मावत नव्हतं. "भागवत हाये लाइनवर. चांगुणाबी हाये. म्हनते, यंदा आंब्याले तरी आनता का मायले, का तेबी बघू? काय सांगू?"

ओसरीतली खाट, वावराकडं तोंड. औषधं महिन्याची नेता येतील. हातापायांचा व्यायाम तीही करून घेऊ शकेल. सुट्टी लागतेच आहे, सुट्टीभर तिथं राहता येईल. पुढचं पुढं. चांगुणा काय म्हणेल, गाव काय म्हणेल, हे सगळं दारात उभं राहून दिसणारं होतं, आणि ती आत्ता दारात नव्हती. फोनमधून भागवतचं "हालो, हालो, दादा" बारीक ऐकू येत होतं. पुष्पांजलीनं नवऱ्याकडं मान वळवली नाही. एवढे महिने सगळे एकमेकांशी बोलले होते. जिच्याविषयी बोलले तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनं उशीवरच तोंड वळवलं. एवढ्या जवळून तिला फक्त एक डोळा दिसत होता, पाणावलेला, मोतिबिंदूनं कडेला निळसर झालेला, आणि त्याच्या आत, बारीक आणि सुलट, खिडकीचा उजळ चौकोन. लग्न होऊन आल्यापासून या बाईशी ती शाळेतली भाषा बोलत आली होती. आज ती तोंडात आलीच नाही.

"आई," ती म्हणाली, मोठ्यानं, दारापर्यंत आणि फोनपर्यंत जाईल इतकं, "येत्या शनवारी आपल्याले साखरखेर्ड्याले जायचं हाये."